‘बुडाली तर’ विचारणारी आत्या

माझी आत्या कुठल्याही बँकेत गेली की आधी खुर्ची ओढायची, पदर सावरायची आणि मॅनेजरला तोंडावर विचारायची, “सायेब, तुमची बँक बुडाली तर माझं काय?” सकाळच्या बोहनीला कुणी अपशकुन केल्यासारखे ते तिच्याकडे बघायचे. भोसरीत तिचं नावच ‘बुडाली तर’ पडलं होतं. लोक हसायचे. त्या हसणाऱ्यांचा मला या वयातही राग येतो, आणि त्यात माझे वडील पहिले.

विचारायला तिला कारण होतं. नवरा गेल्यावर सासरची चार एकर जमीन तिने एकटीने कसली. पुढे ती जमीन कारखान्यांसाठी गेली आणि हातात भरपाईचा चेक आला. तिच्या दिरांनी आपापल्या वाट्याच्या पैशात मोटरसायकली घेतल्या, जेवणावळी घातल्या, आणि ज्या रानात ज्वारी काढली तिथल्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. आत्या म्हणायची, “जमीन बुडत न्हाई, कागुद बुडतो. मंग इचारायला नगं?” यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

न हसणारा एकच माणूस भेटला, पिंपरीच्या एका बँकेतले कारकून कांबळे. हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं, “आत्याबाई, ठेवींचा विमा असतो. बँक बुडाली तर एका माणसाला एका बँकेतले ठराविक रकमेपर्यंतचे पैसे मिळतात, मुद्दल आणि व्याज मिळून. हप्ता बँक भरते, तुम्ही नाही. पण एकाच बँकेत तुमच्या नावाची चार पासबुकं काढलीत, तरी सगळी मिळून एकच धरतात.” अक्षरशत्रू बाई, पण तिला ते एका दमात कळलं. तिने चार बँकांत चार ठेवी ठेवल्या, आणि प्रत्येक ठेव विम्याच्या हद्दीच्या जरा खालीच. “व्याजाला बसाय जागा पायजे,” म्हणाली.

ती हद्द तेव्हा फारच लहान होती. पुढे वाढत गेली, पण त्याची दवंडी काही कुणी पिटली नाही. दर दिवाळीनंतर आत्या बस बदलून कांबळ्यांकडे जायची आणि हद्द कितीवर आली ते विचारून यायची. सहकारी बँकांनाही विमा लागू झाल्याचं तिथेच कळलं, तेव्हा कुठे तिने गावाजवळच्या छोट्या सहकारी बँकेत एक ठेव हलवली. ज्यांनी सांगायचं ते साहेब पंख्याखाली गप्प, आणि म्हातारी हेलपाटे घालतेय.

नेमकी तीच सहकारी बँक बुडाली. शटरपुढे रांगा लागल्या, आणि गाव काय म्हणालं? “हिच्याच तोंडानं बुडाली.” कर्जं वाटणाऱ्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. वर्षाहून जास्त वाट बघावी लागली, पण आत्याचे पैसे व्याजासकट आले. ज्यांनी सगळं एकाच ठिकाणी ठेवलं होतं, त्यांचं हद्दीच्या वरचं अडकून पडलं. तेव्हा तेच लोक म्हणाले, “नशीबवान बाई.” इतके हेलपाटे घातले त्या बाईने, आणि श्रेय नशिबाला.

मग गावातल्या एका पुढाऱ्याने पतसंस्था काढली आणि स्वतःच तिचा चेअरमन झाला. बँकेसारखीच जाळी, बँकेसारखंच पासबुक आणि बँकेपेक्षा जास्त व्याज. उद्घाटनाला सगळं गाव जमलं होतं. चेअरमन नारळ फोडायला वाकले आणि आत्या बायकांतून उठून म्हणाली, “इमा हाय का?” चेअरमन हसले. “आक्का, हितं समदी घरचीच मानसं. आमचा शबूद हाच इमा.” टाळ्या पडल्या. वडिलांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

“आक्का, चारचौघांत अब्रू घालवलीस माझी,” ते म्हणाले.

“बाळू, त्यो ‘हाय’ म्हनला न्हाई, तेवढं ध्यानात धर.”

दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला जाण्याआधी वडील त्या संस्थेत गेले आणि कंपनीत राबून साठवलेलं सगळं तिथे ठेवून आले. माझ्या डी.एड.चे पैसेसुद्धा. व्याजाचा मोह नव्हता त्यांना. बहिणीने विचारलेल्या प्रश्नाची माफी म्हणून त्यांनी पैसे ठेवले. गावात अशी माफी मागणारे ते एकटे नव्हते. ज्याच्या त्याच्या घरात चेअरमनांची भीड होती.

संस्था तीन वर्षं चालली आणि बुडाली. विमा बँकांना होता, पतसंस्थेला नव्हताच. वडिलांच्या हातात पासबुक तेवढं राहिलं, आणि चेअरमन मात्र प्रत्येक लग्नात पुढच्या रांगेत बसत राहिले. आत्याने आपली एक ठेव मोडली, पैसे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, “शीक. आन् बाळूला काय बोलू नगंस.” मी शब्द दिला. ती स्वतःही कधी टोचून बोलली नाही. मी मास्तरीण झाले ती त्या पैशांवर.

आत्या गेली. तेराव्याला चेअरमन आले. वडिलांनी त्यांना खुर्ची दिली, मी चहा दिला. चहा पीत ते म्हणाले, “आक्का लई भोळी. बँकेचं नाव काढलं की भ्यायची.” आणि माझे वडील म्हणाले, “व्हय, भोळीच व्हती.”

आत्याला दिलेला शब्द मी तिथे मोडला. “भोळी नव्हती ती. भर सभेत तुम्हाला प्रश्न विचारणारी ती एकटी होती. ” मग वडिलांकडे वळले, “दादा, तेवढं तरी म्हणा.” चेअरमनांनी अर्धा कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. आता वडील माझ्यावर ओरडणार म्हणून मी तयारीत उभी होते. ते दाराकडे बघत राहिले.

“त्या दिशी मलाबी त्येच इचारायचं व्हतं, पोरी,” ते म्हणाले. “आक्का उठली आन् मला लाज वाटली.”