एकाच कात्रीच्या पाच माळा

माझ्या सासऱ्यांना सगळी इमारत 'टेस्टर' म्हणते. चौतीस वर्षं त्यांनी घरोघरचे विजेचे मीटर तपासले. निवृत्त झाले तरी खिशातला टेस्टर सुटला नाही, आणि संशयही. दूधवाला पाणी घालतो, पोस्टमन पत्रं वाचतो, सून चहात मुद्दाम साखर कमी टाकते. लोकांच्या मनात शंकेची पाल कधीमधी चुकचुकते, यांच्या मनात ती बिऱ्हाड करूनच आहे.

पण यंदा एकदा ते मुलाला म्हणाले, आता माझा कुणाला काय उपयोग, आणि अर्ध्या ताटावरून उठले.

तेवढ्यात नाताळ जवळ आला. जिन्यात चांदण्या लागल्या आणि मला शहाणपण सुचलं. ओळखीच्या पाच घरी जाऊन मी त्यांच्या दिव्यांच्या माळांची एकेक वायर कापली आणि माळा बाबांकडे दुरुस्तीला आणा म्हणून बजावलं.

माळा आल्या. बाबांनी भिंग काढलं आणि दोन दिवस पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर पाचही माळा ओळीनं मांडलेल्या, शेजारी माझी कात्री.

"पाचही हिनंच कापल्यात. पात्याची खाच बघ, प्रत्येक तारेवर उमटलीय."

मी मान खाली घातली.

"दया येते होय माझी?"

त्यांनी टेस्टर खिशातून काढून खणात टाकला. पुढचे दोन दिवस दूध खरंच पातळ आलं, तरी ते काही बोलले नाहीत. मी खरी घाबरले ती तेव्हा.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या शिंपीणकाकू. बाबांनी एकदा त्यांच्या मीटरमधली लबाडी पकडली होती, तेव्हापासून अकरा वर्षं दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. काकूंच्या हातात जुनी माळ होती. नवरा होता तेव्हा दरवर्षी तोच ती खिडकीत लावायचा. तीन दुकानदारांनी फेकून द्या म्हणून सांगितलं, असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. बाबांकडे बघितलंसुद्धा नाही.

बाबांनी डोळे बारीक केले. "हिनं पाठवलं ना तुम्हाला?"

"कुणी पाठवलं म्हणून तुमच्या दारात पाऊल ठेवीन मी? दुसरा इलाज नाही म्हणून आले."

बाबांनी तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. तिथं कात्रीची खाच नव्हती, बारीक दातांच्या खुणा होत्या.

"उंदीर," ते म्हणाले. उंदराचं नाव इतक्या आनंदानं घेतलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं.

टेस्टर खणातून बाहेर आला. तासाभरात माळ लुकलुकायला लागली. खिडकीत लावून द्यायला बाबा स्वतः खाली गेले, ते दिवेलागणीलाच वर आले. ताट स्वच्छ पुसून जेवले. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले,

"सूनबाई, त्या बाईचा मीटर अजूनही हळूच फिरतोय. काहीतरी गडबड आहे. उद्या परत जायला हवं."