चुआंगचं हेल्मेट

ताइनानच्या हेल्मेट कारखान्यात चुआंगचं काम एवढंच: दुसऱ्या कंपनीचं खपणारं हेल्मेट यंत्राच्या टोकाने बिंदू-बिंदू मोजायचं आणि त्या बिंदूंवरून कॉम्प्युटरवर तसाच गोल पृष्ठभाग बसवायचा. लोक याला नक्कल म्हणतात. चुआंग याला साधना म्हणायचा.

"इथली नवी पोरं वेडेवाकडे बिंदू गाळतात. कामचोर साले! माझा पृष्ठभाग एकूण एक बिंदूला शिवून जातो," असं तो जेवता जेवता ऐकवायचा. जेवायचाही मोजणीच्या टेबलावरच, उठायचा कंटाळा म्हणून.

एकदा त्याच्या पृष्ठभागावरून बनवलेल्या साच्यातून नवं हेल्मेट निघालं, तर त्याला दोन बाजूंना दोन टेंगळं. रंगकाम करणारी अ-लान मूळचं हेल्मेट घेऊन आली. त्याच्या डाव्या अंगाला वाळलेलं भाताचं शीत चिकटलेलं होतं.

"चुआंगदादा, तुमच्याच डब्यातलं ना हे?"

"एकच आहे की. मग टेंगळं दोन कशी?"

"तुम्ही डावी बाजू मोजता आणि तीच उलटवून उजवीकडे लावता. विसरलात?"

"बिंदू होता, म्हणून घेतला," चुआंग गुरकावला. "लबाडी आपल्याला जमत नाही."

नव्या साच्याचा खर्च नको म्हणून मालकाने त्या टेंगळांची 'वारा कापणारी शिंगं' अशी जाहिरात केली. हेल्मेटं धडाधड खपली.

पुढच्या वर्षी त्याच दुसऱ्या कंपनीचं नवं हेल्मेट मोजायला आलं. त्यालाही तीच दोन टेंगळं. चुआंगने त्यांवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"चोर लेकाचे! स्वतःची म्हणून अक्कल नाही."

मग त्याने डबा उघडला आणि डावीकडून मोजायला सुरुवात केली.