तांदळात लिहिलेले नाव

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवीला वंदन करून लिहितो. आज सकाळी एक तरुण नव्या दुकानासाठी नाव मागायला आला. मी ताम्हनात तांदूळ पसरले — आणि बोट चालेना. प्रकृतीचे निमित्त सांगून त्याला परत पाठवले. खरे कारण आजवर कोणाला सांगितलेले नाही, पत्नीलाही नाही.

धर्मापुरीत दुकानाचेही बारसे करावे, ही रीत आमच्या घराण्याने पाडली. राशीच्या अक्षरावरून नाव काढायचे, तांदळात बोटाने लिहायचे, मालकाच्या कानात सांगायचे. ते तांदूळ त्याच दिवशी मालकाच्या घरी शिजतात. अक्षर मागे उरत नाही. साक्षी उरतो तो फक्त नाव देणारा.

सुमनबाई विधवा, घरी येसूर दळून विकत. त्यांच्या मसाल्याला मी 'विश्वांबा' हे नाव दिले. लग्नघरची आमटी त्या नावावाचून होईना. पुढे बबनराव आले — मोठ्या गिरणीचे मालक, मंदिराच्या प्रत्येक उत्सवाचे यजमान. त्यांचेही अक्षर तेच निघाले. पहिले नाव मला आठवत नव्हते का? आठवत होते! लोक म्हणत, महाराजांना नाव ध्यानात दिसते. ध्यान कसले? पान वाढलेले होते, मला जेवणाची घाई होती. मी तेच नाव लिहिले.

बबनरावांची मसाल्याची पाकिटे त्या नावाने बाजारात आली आणि तंटा सभामंडपात आला.

"बाई, नाव आमचं हाय. पाकिटं छापून झालीत."

"गिरनी मोठी हाय तर मिरच्या दळा की! माझं नाव कावून दळता?"

मंडळी हसली. मी हसलो नाही. पुढे काय येणार ते मला दिसत होते.

"महाराज सांगतील ते खरं," असे सुमनबाईच म्हणाल्या. त्याच!

दोघांना एकच नाव दिले, हे कबूल केले असते तर — तर काय झाले असते? माझी थोडी शोभा झाली असती. इतकेच. आणि मी म्हणालो, "बबनरावांना नाव मीच दिले. बाई माझ्याकडे आल्याचे स्मरत नाही." गीतेचे अठरा अध्याय मुखोद्गत असलेल्या माणसाने म्हटले — स्मरत नाही.

सुमनबाईंच्या दारावरची पाटी उतरली. लग्नघरे 'विश्वांबा' मागत राहिली, आणि बबनरावांकडे गेली. सुमनबाई आता आठवडी बाजारात बिननावाच्या पुड्या घेऊन बसतात.

पण खरे पाप त्या निवाड्याच्या दुसऱ्या दिवशीचे आहे. सकाळी त्या माझ्या ओसरीवर आल्या. भांडायला नव्हे — दरवेळेसारखा देवासाठी पहिल्या दळणाचा येसूर घेऊन. म्हणाल्या, "महाराज, एवढी नावं देता, एखादं इसरनारच. तुमी मनाला लावून घेऊ नगा."

मी मान डोलावली. येसूर ठेवून घेतला.

मी विसरलो नव्हतो. याहून अधिक सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

वाचकहो, जगदंबा तुमच्या घरावर कृपादृष्टी ठेवो. तुमच्या चुलीला अन्न आणि कष्टांना त्यांचे नाव लाभो.