साठ उजव्या बाह्या

आमच्या शिवणाच्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून ती मास्तरीण. बावीस वर्षं कटिंगचं टेबल तिचं. साठ थरांच्या थप्पीवर मशीन चालवायची, पण रेघ सुताइतकी हलायची नाही. आणि तोंड? बाई गं! आम्ही वचकून असायचो.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिचं बिनसलं. पंख्याखाली घामाने निथळायची, ऐन थंडीत खिडक्या उघडायची, मापं विसरायची. आठवडा आठवडा धड झोप नाही. नवरा म्हणाला, नाटकं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने मान वर न करता सांगितलं, "वय झालं, चालायचंच," आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. आम्ही तरी काय दिवे लावले? "मास्तरणीचं डोकं फिरलंय," असं मीच पहिल्यांदा म्हटलं आणि सगळ्या खो खो हसल्या.

बाह्या कापताना अर्धे थर उलटे अंथरायचे असतात, नाहीतर सगळ्या एकाच हाताच्या निघतात. हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक. एक दिवस ती तेच विसरली. साठच्या साठ उजव्या! मालक ओरडला नाही. तिला धागे कापायला बसवलं आणि टेबल मला दिलं. ती तो ढीग मांडीवर घेऊन रडली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

शेवटी धाकट्या जावेने तिला एका बाईडॉक्टरकडे ओढत नेलं. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पाळी जायच्या काळात होतं असं. घाम, झोप उडणं, विसरणंसुद्धा. वेड नाही हे, आणि यावर उपचार आहेत." तपासण्या करून हार्मोनची औषधं सुरू केली.

"तीन वर्षांत कुणी एवढं तरी सांगायचं होतं गं," ती मला म्हणाली. "मी स्वतःला वेडी समजत होते."

काही महिन्यांत तिला झोप लागायला लागली. मग ती मालकाकडे गेली. "टेबल परत द्या. आत्ता थप्पी कापून दाखवते."

मालकाने मला विचारलं, "तू रोज बघतेस हिला. जमेल?"

जमणार होतं. आदल्याच दिवशी माझी चुकलेली आखणी तिने गुपचूप सुधारून दिली होती.

"अजून थोडे दिवस जाऊ द्या," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि धागे कापायला जाऊन बसली. त्याला आता दोन वर्षं झाली.