टोलीचा ठिपका

हुकुमचंद रहांगडाल्यांच्या हाताला कंप नव्हता आणि मानेला वाक नव्हता. हातामुळे त्यांना सरकारी कचेरीत आरेखकाची नोकरी मिळाली आणि मानेपायी एकुलता एक पोरगा घरातून गेला. नोकरीबद्दल ते चार लोकांत बोलत. पोराबद्दल घरात बायकोशीही बोलत नसत.

१९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि हुकुमचंदांची बदली गोंदियाला झाली. नवा जिल्हा म्हणजे नवा संसारच. भिंतीवर टांगायला स्वतःचा नकाशासुद्धा नाही. मग हुकुमचंदांनी एकेक काढायला घेतला: आधी रस्त्यांचा, मग तलावांचा, मग जंगलाचा. निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा, २००४ च्या जानेवारीत, शेवटचा आणि सगळ्यात किचकट आला. जिल्ह्यात माणसं कुठे कुठे राहतात त्याचा.

रीत अशी होती. २००१ च्या जनगणनेतला गावाचा आकडा घ्यायचा आणि दर शंभर माणसांमागे शाईचा एक ठिपका द्यायचा. शेवटी पन्नास किंवा जास्त माणसं उरली तर त्यांचाही एक ठिपका. एकोणपन्नास उरली तर त्यांच्या नावानं काही नाही. पण ठिपके गावाच्या हद्दीत अक्षतांसारखे उधळून चालत नाही. हद्दीत जंगल असतं, बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी असतं, धानाच्या शेतांच्या बांध्या असतात आणि तिथे कोणी राहत नाही. ठिपका पडायचा तो माणसाच्या घरावरच. त्यासाठी हुकुमचंद टेबलावर उपग्रहाचा फोटो पसरून ठेवत. त्या फोटोत हिरवं ते लाल उमटतं, म्हणून जंगल लालभडक दिसायचं. कचेरीतला शिपाई कवडू रोज चहा ठेवताना म्हणायचा, "बाबूजी, आजबी जंगल जळूनच राहिलं काय?"

हुकुमचंदांचं गाव गोरेगाव तालुक्यातलं कळमबोडी. त्याचा आकडा निघाला साडेसहाशे. सहा ठिपके गावठाणात बसले. उरलेली पन्नास माणसं राहत होती बोडीपलीकडच्या टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत, जंगलाला पाठ लावून. हुकुमचंदांचं घर त्याच टोलीत होतं.

त्या संध्याकाळी बसमधून उतरले ते खुशीतच. जेवायला बसल्यावर बायकोला, सुखवंताबाईंना, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, "आपली टोली थोडक्यात वाचली. एक मानूस कमी असता तं नकाशावर नुसती बोडी अन जंगल दिसलं असतं. काठावर पास झालो आपन."

सुखवंताबाईंच्या हातातली पळी थांबली.

"अजी, सांगू एक गोष्ट? रागावू नोका."

"सांग."

"मोजनीवाले गुरुजी आले होते तवा तुमी ऑफिसात होते. त्यायनं इचारलं, एका चुलीवर किती लोक जेवतेत? मी सांगितलं, तीन. भुपेंद्रचं नाव दिलं."

"भुपेंद्रचं? तो तं साल आधीच गेला होता ना!"

"गेला होता. पन मी त्याच्या वाटनीचे तांदूळ रोज टाकून राहिली. आजबी टाकले. मंग तो ह्याच चुलीवरचा नाही काय?"

हुकुमचंदांनी हात धुतला. आपल्या घरी रोज भात उरतो आणि सकाळी तो गाईपुढे जातो, हे ते चार वर्षं पाहत होते. जिल्ह्यातलं माणूस न् माणूस मोजणाऱ्या या गृहस्थांनी तो भात कोणाचा, हे एकदाही विचारलं नव्हतं.

भुपेंद्र तसा गुणी पोरगा. बापाला वाटायचं, त्यानं इंजिनीअर व्हावं. पोराचं मन मात्र पुस्तकात कमी आणि यंत्रात जास्त. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला त्यानं शिक्षण सोडलं आणि धानाच्या मिलमध्ये मेकॅनिक म्हणून लागला. "माया पोरगा मिलीमंधी तेल घालन?" हुकुमचंद कडाडले होते. "पुन्ना या घरात पाय ठेवू नोको." पोरगाही त्यांचाच. त्यानं पाय ठेवला नाही. पुढे गावच्या टिकारामनं सांगितलं, की तो राजनांदगावच्या एका मिलमध्ये आहे. सुखवंताबाईंनी दोनदा जायचं काढलं. दोन्ही वेळा नवऱ्याचा चेहरा पाहून पिशवी खुंटीला टांगली.

राजनांदगाव छत्तीसगडात, म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर. हुकुमचंदांच्या नकाशात हद्दीबाहेर सगळं कोरं होतं.

दुसऱ्या दिवशी ते टोलीवर पेन धरून बसले आणि ठिपका पडेना. टाकावा तर खोटा. न टाकावा तर आपली अख्खी टोली पुसली जाते, आणि कागदावर का होईना पोराला दुसऱ्यांदा घराबाहेर काढल्यासारखं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. कचेरीतल्या साहेबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "अहो, आकडा छापील आहे. टाका की." आणि ऐकण्याचं काम कधीच न सोडणारा कवडू म्हणाला, "भुपेंद्रभाऊ भारी निंगाले. एकट्याच्या भरवशावर अख्खी टोली उभी केली!" हुकुमचंद हसले नाहीत. बाकीचा जिल्हा त्यांनी पुरा केला, अगदी सालेकशाच्या डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत. फक्त बोडी आणि जंगल यांच्यामधली ती जागा कोरी राहिली. नकाशा सोमवारी द्यायचा होता.

शुक्रवारी सकाळी सुखवंताबाई उरलेला भात घेऊन गोठ्याकडे निघाल्या, तेव्हा ते ओसरीवरून म्हणाले, "आज ताजा टाक. अन त्याच्या वाटनीचा गाईले नोको देऊ. डब्यात दे."

बाईंनी डबा भरून दिला आणि ते वळणाआड गेल्यावर चुलीशी बसून मनसोक्त रडल्या.

गोंदिया स्टेशनवरून हुकुमचंद कचेरीकडे न वळता राजनांदगावच्या गाडीत बसले. टिकारामनं सांगितलेल्या मिलच्या अंगणात कोंड्याची धूळ उडत होती. भुपेंद्र एका यंत्राखाली अर्धा आत होता. पाय मात्र बापानं लगेच ओळखले.

"भुपेंद्र."

तो बाहेर आला. भुवयांपर्यंत कोंडा. "बाबूजी? घरी सगडं बरं आहे ना? माय?"

"बरी आहे. तिनं भात धाडला."

दोघे धानाच्या पोत्यांवर बसले. पोरगा जेवू लागला आणि बापानं वर्गात शिकवावं तसं सांगायला घेतलं: शंभराचा ठिपका, पन्नासाचा नियम, मायचं खोटं, अडलेला नकाशा.

"म्हंजे मी आलो नाही तं ठिपका नाही?"

"नाही."

"अन आलो तं?"

"तं टाकतो."

"अन हेच सांगाले तुमी एवढ्या दूर आले?"

हुकुमचंदांनी नियमाचं आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर दुसरंच आलं. "घर खाले उठते रे तुयाबिना. चुकलो मी."

भुपेंद्रचा घास हातातच राहिला. मग तो खाली पाहत म्हणाला, "बाबूजी, मी एकटा नाही आता. लगन केलं मी. पोरगी आहे सालभराची."

आता खरं पाहिलं तर मोजणी २००१ ची. पोरगा २००४ साली घरी आणून तेव्हाचा आकडा खरा कसा होणार? हुकुमचंदांना हे कळत नव्हतं असं नाही. पण जन्मभर नियमानं चाललेल्या माणसाला एखादं गणित आपल्या सोयीनं मांडायला मुभा असावी, असं माझं मत आहे.

रविवारी दुपारी टोलीत ऑटो आला. भुपेंद्र उतरला, त्याची बायको दुर्गेश्वरी उतरली आणि तिच्या कडेवर रिंकी. सुखवंताबाईंनी पायांवर पाणी घातलं. लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या, त्या किती वेळ सोडेचनात. गोंदियात मिलींना काय तोटा, इथंच काम पाहतो, असं भुपेंद्र म्हणाला. हुकुमचंद नात मांडीवर घेऊन बसले होते. तिनं त्यांच्या खिशातलं पेन ओढून काढलं, तरी त्यांनी काढू दिलं.

स्वयंपाकघरातून तांदूळ धुतल्याचा आवाज आला तसे ते मोठ्यानं म्हणाले, "गुरुजी इचारून राहिले, एका चुलीवर किती?"

"लिवा पाच," आतून उत्तर आलं.

सोमवारी त्यांनी नकाशा पसरला, श्वास रोखला आणि बोडी न् जंगलाच्या मधोमध पेन टेकवलं. तीस वर्षांच्या नोकरीत जे झालं नव्हतं ते झालं. हात थरथरला. ठिपका शेजारच्या ठिपक्यांपेक्षा चांगला जाडजूड पडला. कवडूनं मुकाट्यानं ब्लेड पुढे केलं, कारण असला ठिपका खरवडून पुन्हा टाकायची रीत होती. हुकुमचंदांनी ते बाजूला सारलं.

साहेबांनी चष्मा लावून जिल्हाभर नजर फिरवली आणि बोट नेमकं तिथेच थांबलं.

"हुकुमचंदजी, हा एकच एवढा मोठा का?"

"त्यात दोन मानसं जास्त आहेत, साहेब," हुकुमचंद म्हणाले.