जरा हसून बस

शीतलच्या वडिलांना हे माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हा तिथंही हे मी कधी उच्चारलेलं नाही. माहीत आहे ते एकट्या शीतलला, माझ्या मुलीला — आणि ती बोलत नाही. आज तुमच्याजवळ बोलते. कुठून सुरू करू?

तयारीपासून करते. ते सांगायला सोपं आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात मी तिला श्रीगोंद्याहून मिरजगावला घेऊन आले. जुन्या सुती साड्या फाडून सहा दुपटी शिवली. बाळाला शिवण टोचू नये म्हणून कडा बाहेरून दुमडल्या. टोपडी, झबली शिवली, डिंकाचे लाडू वळून डबा भरला. बाळंतिणीच्या खोलीला चुना दिला, डासांसाठी खिडकीला जाळी बसवून घेतली. शीतल खाटेवर पाय लांब करून बसायची आणि हसायची. "आई, येणारं एक हाय. तू पाचांची तयारी केलीस." खरं सांगू? तेव्हा मला वाटायचं, माझ्यासारखी आई गावात दुसरी नसेल.

सातव्या महिन्यात सासरच्यांनी तिचं डोहाळजेवण केलं होतं — हॉल घेऊन, फुलांचा झोपाळा, फोटोवाला. मी कडेच्या खुर्चीवर बसून बघत होते. विहीणबाई काही वाकडं बोलल्या नाहीत. पण माझ्या मनात ते सलत राहिलं. म्हणून नववा लागल्यावर मी आमच्याकडं ओटीभरण ठरवलं. दारात मांडव, भाड्याचा झोपाळा, आचारी. श्रीगोंद्याहून जीप भरून माणसं येणार होती.

त्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून शीतल म्हणाली, "आई, काल संध्याकाळपास्नं बाळ हललं न्हाई गं. पोट गप हाय."

आचारी तेलाचा डबा मागत होता. मी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही.

"झोपलं आसंल. गोड खा कायतरी, हलंल."

तुम्ही म्हणाल, खेड्यातली बाई, तिला काय कळणार? थांबा. मी अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बायकांना समोर बसवून मीच सांगते — जेवल्यावर डाव्या कुशीवर पडा, बाळ किती वेळा हलतं ते मोजा, कमी वाटलं तर कुणाची वाट बघू नका, दवाखाना गाठा. ऊसतोडीला निघालेल्या पोरींना तर दरडावून सांगते. मला कळत होतं. तिच्या हातात कप होता, त्या क्षणी मला सगळं कळत होतं — आणि मी मांडवाकडं बघितलं.

नगरला जायचं म्हणजे दिवस गेला. जीप दारात येणार आणि घराला कुलूप? विहीणबाई काय म्हणतील? जेवणं उरकली की जाऊ, चार-पाच तासांत काय होतंय. असा विचार केला मी. याला विचार म्हणायचं का?

अकराला तिला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. दंडाला फुलं बांधत होते तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "आई, आधी जाऊन यिऊ का?"

"आता? आगं, माणसं आल्यात," मी म्हणाले आणि मनगट सोडवून घेतलं.

मग ती झोपाळ्यावर बसली. बायकांनी गाणी म्हटली. एका वाटीखाली पेढा, एकीखाली बर्फी — तिनं उचलली तिच्याखाली पेढा निघाला आणि मुलगा होणार म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शीतल मान खाली घालून पोटाकडं बघत होती. मी जवळ गेले, तिच्या कानाशी वाकले.

"जरा हसून बस. फोटो काढतायत."

आणि ती हसली. माझं ऐकून हसली हो ती.

तीनला जीप गेली. जावई मागं थांबले होते. शेजाऱ्यांची गाडी मागून घेऊन आम्ही तिघं नगरला गेलो. वाटेत शीतल दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी पोटावरून मशीन फिरवलं, परत फिरवलं, मग मशीनचा पडदा स्वतःकडं वळवून घेतला. बाळ गेलं होतं.

"शेवटचं कधी हललं?"

शीतलनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी मी बोलले.

"काल संध्याकाळी म्हणती. पन मला तिनं आत्ता सांगितलं, डॉक्टर. जेवनं झाल्यावर."

"अहो ताई, सकाळी उठल्याबरोबर सांगायचं ना घरी!" डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. जावई दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

शीतलनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती वाट बघत होती, मी बोलणं दुरुस्त करीन याची. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं.

सकाळीच गेलो असतो तर वाचलं असतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगता येत नाही. ते वाक्य मी कितीतरी दिवस धरून बसले होते. पण मी खोटं बोलले, त्याला या वाक्यानं काय फरक पडतो?

मुलगी होती. सहापैकी एका दुपट्यात गुंडाळून दिली. दोन-तीन दिवसांनी शीतलला दूध आलं. ती ओला ब्लाउज बदलायची आणि परत भिंतीकडं तोंड करून पडायची. लाडवांचा डबा मी उघडला नाही. विहीणबाई भेटायला आल्या तेव्हा माझ्यादेखत म्हणाल्या, "आपलं पोर हलंना झालंय, हे आईला कळू नये?" मी आत जाऊन चहा ठेवला.

तीन वर्षं झाली. आता तिला परत दिवस गेलेत, सातवा चालू आहे. बाळंतपण सासरीच करायचं तिनं ठरवलं. गावात कुणी विचारलं तर मी सांगते, तिकडं डॉक्टर चांगले आहेत.

मागच्या महिन्यात मी श्रीगोंद्याला गेले. सगळ्यांसमोर खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. एसटीत रस्ताभर वाक्यं जुळवत होते. दुपारी जेवायला बसलो. वाढता वाढता विहीणबाई म्हणाल्या, "औंदा तरी पोटाकडं ध्यान दे बाई. मागच्यावानी गप बसू नको."

शीतलचा हात ताटात थांबला. जावई खाली मान घालून जेवत होते. मी तोंड उघडलं.

"ऐक त्यांचं," मी म्हणाले. "मागल्या येळी उशीर केलास तू."

शीतल "व्हय" म्हणाली आणि भात कालवायला लागली.