सिस्टरचे तरवड

निवृत्त झाल्यावरही तिला सगळे सिस्टरच म्हणत, घरातल्या विधवा वहिनीखेरीज. चौतीस वर्षं वॉर्डात औषधं वेळेवर दिलेली. अंगणात तरवड आणि कोरांटी लावल्यावर तिनं त्यांनाही सकाळ-संध्याकाळ नेमानं पाणी दिलं. खरं तर ही माळरानावरची, उन्हातान्हात वाढणारी झुडपं. दोन महिन्यांत मुळं कुजून गेली.

रोपवाटिकेतल्या माळ्यानं एक रोप उपटून हुंगलं. "ही तहानेनं नाही, लाडानं मेलीत, बाई," तो म्हणाला. पहिलं वर्षभर आठवड्यातून एकदा पाणी, पुढं तेही नको, असं त्यानं बजावलं. सिस्टरनं मातीत खडी मिसळून नवी दहा रोपं लावली, सात तरवड आणि तीन कोरांट्या. ती जगली, पण माळ्याचं बोलणं काही तिच्या पूर्ण गळी उतरलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा तिनं वहिनीकडून दर रविवारी पाणी घालायचं कबूल करून घेतलं. जखम चिघळली आणि इस्पितळातल्या एका आठवड्याचे सहा आठवडे झाले. वहिनी रोज डबा घेऊन यायची, झाडांचं विचारलं की "बरी आहेत" म्हणायची आणि डब्याचं झाकण पुसत बसायची. असं "बरं आहे" सिस्टरनं पेशंटच्या नातेवाइकांना पुष्कळदा सांगितलं होतं. तिनं आशा सोडली.

घरी परतताना रिक्षात वहिनीनं सांगून टाकलं, "वन्सं, मी एकदाही पाणी घातलं नाही. रात्री घरी जायचे ती नुसती पाठ टेकायला. अंगणाकडे बघायचा धीर नव्हता."

सिस्टर रिक्षातून उतरली. काठी टेकत फाटकातून आत गेली आणि थबकली. सातही तरवड पिवळ्या फुलांनी भरले होते. तीन कोरांट्या पार वाळल्यासारख्या दिसत होत्या. तिनं एकेका फांदीवर नखानं खरवडलं. आत हिरवं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"बघा, झाडांना तुमच्यापेक्षा जास्त अक्कल," ती वहिनीला म्हणाली.

वहिनी पायरीवर बसून पदरानं डोळे टिपत होती. "मला कुठं झाडांची काळजी होती?" ती म्हणाली. "तुम्ही घरी येताय की नाही, तेच कळत नव्हतं."

सिस्टर तिच्या शेजारी टेकली, दुखरा पाय लांब करून. त्या दुपारी दोघी जेवल्या आणि भांडी तशीच टाकून पाचपर्यंत गाढ झोपल्या.